एका किलोमीटरचे पाच हजार: मुंबई मॅरेथॉनच्या प्रकल्प नोंदी

4 ऑगस्ट 2024, रविवार

काम ठरलं. 19 जानेवारी 2025 ला टाटा मुंबई मॅरेथॉनची पूर्ण शर्यत धावायची आणि त्या निमित्ताने, कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलांना मोफत राहायला जागा देणाऱ्या सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्ससाठी दोन लाख दहा हजार रुपये उभे करायचे. आकडा सरळ आहे: 42 किलोमीटर, किलोमीटरमागे पाच हजार. वरचे 195 मीटर आपल्या गल्ल्यातून घेणार, असं मुलांनी परस्पर जाहीर करून टाकलंय.

हाताशी काय आहे: अर्धमॅरेथॉनची सवय, म्हणजे 21 किलोमीटरपर्यंत पाय ओळखीचे. लोअर परळला हिशेबाच्या खात्यातली नोकरी, ती सहाला सुटते, महिनाअखेरीस सुटत नाही. मोठा सहावीत, धाकटी सिनिअर केजीत. नवरा रेल्वेत, तीन पाळ्यांत. घरी सासूबाई आहेत. त्यांच्या जोरावरच हे लिहायचं धाडस करते आहे.

खरी अडचण पाण्याची. आमच्या चाळीत नळ पहाटे येतो, त्याच वेळात मला धावायचं आहे. पिंप, हंडे, बादल्या भरल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकता येत नाही. आज रात्री नवऱ्यासोबत बसून त्याच्या पाळ्यांचा तक्ता काढला. तो दुपारपाळीला असेल तेव्हा पाणी त्याच्याकडे आणि पहाट माझी. तो रात्रपाळीला असेल तेव्हा मी संध्याकाळी, ऑफिसातून परस्पर. सकाळपाळीच्या आठवड्यात धावणं कमी, जिन्यावरचे व्यायाम जास्त. आमच्या जिन्याच्या पायऱ्या उंच आणि जुन्या आहेत, पोटऱ्यांसाठी त्याहून चांगलं साधन नाही.

आठवड्याची मांडणी: तीन छोट्या धावा, रविवारी एक लांब धाव, दोनदा ताकदीचे व्यायाम. सोमवार पूर्ण विश्रांती.

11 ऑगस्ट, रविवार

नायगाव ते फाइव्ह गार्डन्स, तिथून टिळक पुलावरून शिवाजी पार्क, कट्ट्याभोवती फेऱ्या, परत. 14 किलोमीटर. हवा इतकी दमट की घाम सुकतच नाही, नुसता वाहतो. ऑगस्टमध्ये वेग बघायचा नाही, श्वास बघायचा: बोलत बोलत धावता आलं की झालं. शेजारच्या चाळीतली मैत्रीण फाइव्ह गार्डन्सपर्यंत सोबत येते. अंधारात ती सोबत मोठी आहे.

18 ऑगस्ट, रविवार

मॅरेथॉनच्या निधी योजनेतून, संस्थेमार्फत, माझी जागा नक्की झाली. युनायटेड वे मुंबई ही या शर्यतीची निधी उभारणीतली भागीदार संस्था. देणगीचं पान त्यांच्याच मार्फत उघडलं. आता लोकांसाठी पत्र लिहायचं आहे. त्याआधी मला स्वतःला नेमकं काय सांगायचंय ते इथे लिहून काढते.

परळला टाटा हॉस्पिटलच्या आसपासच्या फुटपाथवर गाठोडी, स्टोव्ह, तपासण्यांच्या फायली घेऊन बसलेली कुटुंबं मी लग्न होऊन इथे आल्यापासून पाहते आहे. जळगाव, नांदेड, बिहार, बंगाल, ईशान्येकडची राज्यं, कुठूनही आलेली. त्यांत मुलंही असतात, केस गेलेली, तोंडाला मास्क लावलेली.

मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग रक्ताचा, आणि त्यातही अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. चांगल्या केंद्रात पूर्ण उपचार झाले तर यातली बहुतेक मुलं बरी होतात. पण पूर्ण उपचार म्हणजे दोन ते तीन वर्षं. पहिले सहा-आठ महिने फार कडक: केमोथेरपी, सारख्या रक्ततपासण्या, पाठीच्या कण्यातून द्यायची औषधं. या काळात पांढऱ्या पेशी इतक्या उतरतात की साधा तापही जिवावर बेतू शकतो, म्हणून मूल हॉस्पिटलपासून लांब ठेवता येत नाही. नंतर देखभालीचा टप्पा, रोजच्या गोळ्या आणि ठरलेल्या भेटी.

महाराष्ट्रातल्या कुटुंबाला महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून उपचाराच्या खर्चात मोठा हातभार लागतो. रेल्वे कर्करुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण सवलत देते, सोबत्याला 75 टक्के. (हे नवऱ्याने सांगितलं. खिडकीवर हॉस्पिटलचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं.) पण सहा महिने मुंबईत राहायचं कुठे, जेवण कुठे करायचं, गावची मजुरी बुडाली ती कोण देणार? खोलीचं भाडं परवडत नाही म्हणून बाप मुलाला घेऊन गावी परततो आणि उपचार अर्धवट राहतात. फुटपाथवर राहिलं तर जंतुसंसर्ग होतो आणि केमोची पुढची फेरी लांबते.

सेंट ज्यूड 2006 पासून हेच एक काम करते: उपचार चालू असेपर्यंत मूल आणि आई-वडील यांना हॉस्पिटलजवळ स्वच्छ जागा, मोफत. मला लोकांना हेच पटवायचं आहे की या आजारात खोली हेसुद्धा औषध आहे.

19 ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

दादाला राखी बांधली आणि ओवाळणी पाकिटात नको, किलोमीटरमध्ये दे म्हटलं. त्याने पहिला किलोमीटर घेतला. कुठला किलोमीटर कुणाचा, याच्या तक्त्यावर पहिलं नाव लागलं.

31 ऑगस्ट, शनिवार

निधी: 23,500.

पत्राचे दोन मसुदे वेगवेगळ्या ग्रुपवर पाठवून पाहिले. "कर्करोगग्रस्त मुलांसाठी सढळ हाताने मदत करा" या पत्राला भरपूर नमस्कार आले, देणग्या जेमतेम. दुसऱ्यात मी लिहिलं होतं: "सोळावा किलोमीटर अजून कुणाचा नाही. पाच हजार एकट्याने द्या, किंवा दहा जण मिळून पाचशे द्या. तो किलोमीटर मी तुमच्या नावाने धावेन." त्यावर त्याच संध्याकाळी तीन फोन आले. नेमकं मागितलं की देणाऱ्याला नेमकं ठरवता येतं. यापुढे प्रत्येक पत्रात मोकळ्या किलोमीटरचा आकडा असणार.

हिशेबाच्या माणसाने सांगायच्या दोन गोष्टी पत्राखाली कायम ठेवल्या आहेत. 80जी ची, म्हणजे देणगीवर आयकरात मिळणारी वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते, नव्या प्रणालीत नाही. आणि दोन हजारांवरची रोख देणगी त्या वजावटीत धरली जात नाही, म्हणून पैसे थेट पानावरून द्यावेत, पॅन भरून, म्हणजे पावती देणाऱ्याच्याच नावाने निघते. माझ्या खात्यात कुणाचे पैसे घ्यायचे नाहीत. अपवाद फक्त मंडळ, भिशी अशा सामाईक रकमांचा. त्या वहीत नोंदवून पुढच्याच दिवशी भरायच्या.

8 सप्टेंबर, रविवार

काल गणपती बसले. लालबाग-परळच्या रस्त्यांवर आता अनंत चतुर्दशीपर्यंत पहाटे चारलाही माणसांचा पूर असतो. लांब धाव शिवाजी पार्कातच फेऱ्या मारून काढली. घरात दीड दिवसाचा गणपती, म्हणून मोदकांनंतर झोप आणि झोपेनंतर परत भांडी.

12 सप्टेंबर, गुरुवार

रक्ततपासणी केली. गेले दोन आठवडे छोट्या धावेतही धाप लागत होती. हिमोग्लोबिन 10.4 निघालं. डॉक्टरांनी फेरिटीनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासायला लावलं, तेही कमी. लोहाच्या गोळ्या सुरू, सोबत लिंबू किंवा आवळा, आणि गोळीच्या आगेमागे तासभर चहा नाही. चहा तोडणं हे मला 20 किलोमीटरपेक्षा अवघड आहे, पण सासूबाईंनी चहाची वेळच सरकवली. घरात आधी सगळ्यांना वाढून उरलेलं खाणाऱ्या आणि वर पाळीचे दिवस काढणाऱ्या कुठल्याही बाईने लांबच्या शर्यतीची तयारी करण्याआधी ही तपासणी करावी, असं मी आग्रहाने लिहून ठेवते. थकवा म्हणजे आळस नव्हे, हे कागदावर आकडा आला की घरालाही कळतं.

17 सप्टेंबर, अनंत चतुर्दशी

वाडीच्या मंडळाने विसर्जनाआधी माइकवर माझं काम सांगू दिलं. अकरा हजार दिले. त्यानंतर तिथेच उभ्या असलेल्या लोकांनी पाचशे-पाचशे करून आणखी दोन किलोमीटर पूर्ण केले. मंडळाचा अध्यक्ष म्हणाला, "ताई, पुढच्या वर्षी सजावटीतनं आधीच काढून ठेवू." वहीत त्याचं वाक्य तारखेसह लिहिलं आहे.

22 सप्टेंबर, रविवार

निधी: 61,000. लांब धाव: 19.

सप्टेंबर हा जगभर लहान मुलांच्या कर्करोगाविषयी जागृतीचा महिना. त्याची सोनेरी फीत आज सगळ्या ग्रुपवर टाकली.

दुपारी संस्थेच्या केंद्रात जाऊन आले. मास्क लावून, चपला बाहेर ठेवून, हात धुऊन. प्रत्येक कुटुंबाला स्वतःची जागा, आणि एका मोठ्या स्वयंपाकघरात प्रत्येकीची स्वतःची शेगडी. ही शेगडी मला फार महत्त्वाची वाटली. केमोने तोंडाची चव गेलेल्या मुलाला आयतं जेवण नको असतं, त्याला आईच्या हातचं हवं असतं. विदर्भातली एक आई पातळ वरणात कढीपत्ता टाकत होती. शेजारच्या शेगडीवर बंगाली बाई भाताची पेज करत होती. विदर्भातल्या बाईने मला विचारलं, किती लांब धावणार? मी सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे आमच्या गावापासून तालुक्याला जाऊन परत येन्याएवढं." मग तिने मला, शर्यतीच्या दिवशी मुलं कुणाकडे असतील, हे विचारलं. माझी सगळी तयारी बाजूला ठेवून तिने विचारलेला हा एकच प्रश्न योग्य होता. तोवर मी त्याचा विचार केला नव्हता. रात्रीच नणंदेला फोन लावला. ती 18 तारखेला राहायला येणार.

आमच्या या पट्ट्यात हे काम नवं नाही, हेही लिहायला हवं. दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. रुग्णासोबत आलेला माणूस उघड्यावर राहू नये, हा विचार गाडगेबाबांनी मांडला आणि विटा-चुन्यात उतरवलाही. मी त्याच रांगेत उभी राहते आहे.

10 ऑक्टोबर, गुरुवार

काल रात्री रतन टाटा गेले. सकाळपासून घरात, लोकलमध्ये, ऑफिसात एकच विषय. संध्याकाळी मोठ्या मुलाने विचारलं, "आई, हॉस्पिटल पण टाटांचं आणि मॅरेथॉन पण टाटांची, असं का?"

त्याला सांगितलं ते इथेही लिहिते, कारण ही गोष्ट आम्हा मराठी धावणाऱ्यांना पाठ असायला हवी. जमशेटजींचे थोरले चिरंजीव सर दोराबजी टाटा यांनी पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत गावाकडची शेतकरी मुलं अनवाणी धावताना पाहिली. त्यांना वाटलं, ही मुलं ऑलिंपिकला गेली पाहिजेत. 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी हिंदुस्थानचा संघ गेला त्यामागे त्यांचा पुढाकार आणि पैसा होता. त्या संघात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. ते मॅरेथॉन धावले आणि 19वे आले. ती शर्यत आजच्यापेक्षाही लांब होती, 42.75 किलोमीटर.

दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई 1931 मध्ये ल्युकेमियाने गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजींनी पत्नीच्या नावाने ल्युकेमियाच्या संशोधनासाठी न्यास काढला, आणि त्याच वर्षी तेही गेले. त्यांच्या न्यासाच्या पैशातून 28 फेब्रुवारी 1941 ला परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडलं. 1962 पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे.

म्हणजे हिंदुस्थानच्या पहिल्या ऑलिंपिक मॅरेथॉनपटूला परदेशी पाठवणारा माणूस आणि ज्याच्या घरच्या दुःखाच्या पाठोपाठ परळचं हॉस्पिटल उभं राहिलं तो माणूस, एकच. आजार तोच, ज्यासाठी मी पैसे गोळा करते आहे. मोठा बराच वेळ गप्प होता. मग त्याने तक्त्यावर 19व्या किलोमीटरपुढे "चौगुले" असं लिहिलं, आणि त्या किलोमीटरसाठी वर्गातल्या मुलांकडून पैसे जमवायला निघाला.

20 ऑक्टोबर, रविवार

24 किलोमीटर. ऑक्टोबरचं ऊन साडेसातलाच चटका देतं. वरळी सी फेसला सावली नाही, म्हणून चारलाच निघाले.

खाण्याचे प्रयोग पूर्ण. धावताना घ्यायचं पाकिटातलं एनर्जी जेल महाग पडतं आणि मला पचत नाही. बिया काढलेला खजूर, राजगिऱ्याची चिक्की आणि मीठ लावलेला उकडलेला बटाटा, हे तीन पदार्थ पोटाला चालतात. दर पाऊण तासाला एक घास, भूक लागायची वाट न बघता. साधं पाणी भराभर पीत सुटायचं नाही. घामातून मीठ जातं, वर नुसतं पाणी ओतलं की रक्तातलं सोडियम उतरतं, आणि ते तहानेपेक्षा धोक्याचं. बाटलीत ओआरएस.

3 नोव्हेंबर, भाऊबीज

फराळाचा हिशेब लागला. कल्पना भिशीतल्या बायकांची, मेहनतही त्यांचीच. चकली, शेव, बेसनाचे लाडू, चिवडा. भाजणी सासूबाईंच्या प्रमाणाने, त्यांनी स्वतः धान्यं भाजून गिरणीत उभं राहून दळून आणली. आमच्या मजल्यावर चार घरांत सोऱ्या चालू होता. ऑर्डरी लोअर परळच्या ऑफिसांतून. विक्री 32,800, सामान आणि गॅस 14,600, शिल्लक 18,200. बायकांनी स्वतःची मजुरी एक पैसा धरली नाही, आणि म्हणाल्या, आम्हाला सगळ्यात अवघड किलोमीटर दे.

सगळ्यात अवघड म्हणजे परतीचा पेडर रोडचा चढ, साधारण 36व्या किलोमीटरच्या आसपास. तो त्यांचा. तक्त्यावर लाल पेनाने लिहिला.

निधी: 96,000. दिवाळीत धावणं जवळजवळ नाही.

17 नोव्हेंबर, रविवार

धाकटीला सोमवारपासून ताप. गुरुवारी मोठ्यालाही. या आठवड्याचा तक्ता कोरा आहे. आज 26 ठरले होते, तेही नाहीत.

ताप मोजत बसले असताना त्या स्वयंपाकघरातल्या आया डोक्यातून जात नव्हत्या. माझ्या घरी 101 ताप म्हणजे पट्ट्या, औषध, दोन दिवस शाळा बुडाली. तिकडे 101 ताप म्हणजे मध्यरात्री हॉस्पिटल गाठणं. हॉस्पिटल पंधरा मिनिटांवर आहे की चारशे किलोमीटरवर, यावर सगळं ठरतं. पुढच्या पत्रात हेच लिहायचं, एवढंच.

24 नोव्हेंबर, रविवार

22 किलोमीटर, सावकाश. बुडालेली धाव भरून काढायला एकदम अंतर वाढवायचं नाही. पायांना गेल्या आठवड्याची उसनवारी माहीत नसते, त्यांना फक्त आजचा भार कळतो. बुटांचे सहाशे किलोमीटर होत आले, तळ टाचेला झिजलाय. नवीन जोडी आत्ताच घ्यायला हवी, म्हणजे जानेवारीपर्यंत पायात बसेल. घेतली.

15 डिसेंबर, रविवार

32 किलोमीटर. तयारीतली सगळ्यात लांब धाव.

नवऱ्याने सुट्टी टाकली होती. पहाटे साडेतीनला निघाले. टिळक पूल, शिवाजी पार्क, सिद्धिविनायकापाशी अंगारकी नसतानाही रांग, वरळी, हाजी अली, पेडर रोड, बाबुलनाथ, चौपाटी, मरीन ड्राइव्हने नरिमन पॉइंट, आणि त्याच वाटेने परत. नवरा स्कूटरवर, दर पाच किलोमीटरला पुढे थांबलेला, पाणी आणि बटाटे घेऊन.

जाताना पेडर रोड जाणवलाही नाही. परत येताना तोच रस्ता वेगळा होता. चढ फार उभा नाही, पण संपतोय असं वाटेपर्यंत पुन्हा वळतो आणि पुन्हा चढतो, आणि हे अशा वेळी जेव्हा स्नायूंमधली साखर सरत आलेली असते. मी पावलं आखूड केली, नजर दहा हातांवर ठेवली, हात कोपरांतून हलवत राहिले. वेग किलोमीटरमागे एक मिनिटाने उतरला. उतरू दिला. शर्यतीतही हेच करायचं: चढावर वेग सोडायचा, श्वास सोडायचा नाही, हाजी अलीच्या आधीच एक खजूर तोंडात टाकून ठेवायचा.

हाजी अली ते वरळी या टप्प्यात बोलणंही नको झालं होतं. नवरा बाजूने हळूहळू स्कूटर चालवत किलोमीटरचे मालक वाचत होता: "हा तुझ्या मावशीचा. हा शाळेतल्या पालकांचा. हा गिरणगावातल्या त्या काकांचा, पेन्शनीतनं दिलाय त्यांनी." त्या काकांचा किलोमीटर मी एकदाही न चालता धावले.

घरी आल्यावर दही-भात, दोन तास झोप, मग मोठ्याचा विज्ञानाचा प्रकल्प.

31 डिसेंबर, मंगळवार

तयारीचा उतार सुरू. अंतर निम्म्यावर, वेग तोच. हवा खराब आहे, काल पालिकेने भायखळ्यात आणि बोरिवलीत बांधकामं थांबवण्याचा आदेश काढला. भायखळा आम्हाला जवळच. धूर खाली बसलेला असतो तेव्हा बाहेर धावण्यात शहाणपण नाही. जिना, दोरी, घरातल्या घरात व्यायाम.

5 जानेवारी 2025, रविवार

ऑफिसात गेले दोन आठवडे डबा खाताना तक्ता फिरत होता. मालकांनी सांगितलं होतं, तुम्ही सगळे मिळून जेवढे द्याल तेवढेच मी देईन. सगळ्यांचे 31,500 झाले, त्यांनी 31,500 घातले. शिपाई काकांनी दोनशे दिले, तेही दुप्पट झाले, आणि ते त्यांनी दिवसभर सगळ्यांना सांगितलं.

निधी: आधीचे 1,34,700 अधिक 63,000, एकूण 1,97,700. राहिले 12,300.

14 जानेवारी, संक्रांत

तिळगूळ द्यायला जाते तिथे तक्ता घेऊन जाते. हळदीकुंकवाचं वाण म्हणून या वर्षी वस्तू लुटायची नाही, असं आमच्या मजल्याने ठरवलं. ते पैसे 41व्या किलोमीटरमध्ये गेले. मोकळा राहिला फक्त 40वा.

16 जानेवारी, गुरुवार

बीकेसीला जाऊन बिब, म्हणजे छातीवर लावायचा शर्यतीचा क्रमांक आणला. रात्री मुलांनी गल्ला फोडला: 1,340 रुपये, बरीचशी नाणी. 195 मीटर पूर्ण.

19 जानेवारी, रविवार. शर्यत.

रात्री लिहिते आहे. वेळ 5 तास 24 मिनिटं.

पहाटे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर अंधारात हजारो माणसं. पहिले दहा किलोमीटर स्वतःला धरून ठेवण्यात गेले, सगळे पुढे जात असताना मागे राहायला मन घट्ट लागतं. सी लिंकवर उजाडलं. एरवी तिथे पायी जायला बंदी, आज समुद्रावरचा तो सगळा रस्ता पायांचा होता. 19वा किलोमीटर लागला तेव्हा मी मोठ्याने "चौगुले" म्हटलं. बाजूचा अनोळखी माणूस बेळगावचाच निघाला. त्याला सगळं माहीत होतं, त्याने हात उंचावला.

माहीमला लोक घरातून संत्र्याच्या फोडी, बिस्किटं, मीठ घेऊन रस्त्यावर उभे होते. या शहरात मी जन्म काढला आहे, तरी हे प्रेम दरवर्षी नव्याने बघते.

तीसनंतर ऊन. डाव्या मांडीत गोळा येऊ लागला, ओआरएस घेतलं, शंभर पावलं चालले, मग पुन्हा लय धरली. पेडर रोडच्या पायथ्याशी भिशीच्या सगळ्या जणी उभ्या होत्या, नऊवारी नेसून, हातात भाजणीच्या पिठाचा डबा आणि त्यावर लिहिलेलं "आमचा किलोमीटर". त्या माझ्यासोबत चढाच्या पहिल्या वळणापर्यंत पदपथावरून चालत आल्या. सासूबाईही. त्यांचे गुडघे दुखतात. चढ संपेपर्यंत मी थांबले नाही.

मरीन ड्राइव्हवर धावत होते की फरफटत होते ते सांगता येणार नाही, पण पुढे जात होते. शेवटी नणंद दोन्ही मुलांना घेऊन कठड्याला टेकून उभी. धाकटी ओरडली, "हे आमचे मीटर!" ते 195 मीटर मी पूर्ण वेगाने धावले.

2 फेब्रुवारी, रविवार

हिशेब बंद: 2,18,200. चाळिसावा किलोमीटर शर्यतीच्या दिवशी दुपारी गेला. ज्या काकांनी पेन्शनीतून दिलं होतं त्यांच्या मुलाने परदेशातून घेतला.

राहिलेली कामं. देणाऱ्या प्रत्येकाला आभाराचं पत्र, त्यात त्याचा किलोमीटर कुठून कुठपर्यंत होता ते लिहून. मंडळाच्या अध्यक्षांना सप्टेंबरातलं वाक्य आठवण करून देणं, ते गणपतीच्या वर्गणीच्या आधी, म्हणजे जूनमध्ये. मोठ्याच्या वर्गातून दोन मुलींनी केस दान करायचं विचारलं आहे, विगसाठी कुठे आणि किती लांबीचे घेतात ते शोधायचं. संस्थेला विचारून केंद्रातल्या स्वयंपाकघरासाठी वर्षभर कोरडा शिधा नियमित देता येतो का ते बघायचं, भिशीला त्यात रस आहे. देणग्यांची 10बीई, म्हणजे करवजावटीसाठी लागणारी प्रमाणपत्रं मे अखेरपर्यंत येतील, प्रत्येकाला ती पोचली का ते मी स्वतः विचारणार, म्हणून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तोवर चालू ठेवते. हिमोग्लोबिन पुन्हा तपासलं, 12.1. गोळ्या अजून दोन महिने.